खर्च कुणाचा, हौस कुणाची?

लग्नावर भरपूर खर्च करावा की चार माणसांत साधेपणाने उरकावं, हा वाद महाराष्ट्रात घरोघर होतो. या वादातली एक जुनी सरकारी साक्ष पुणे जिल्ह्यातल्या, बारामती तालुक्यातल्या सुपे गावाशी जोडलेली आहे. म्हणून पुढच्या संवादातली दोन माणसं मी सुप्यात बसवली आहेत. मामा पतसंस्थेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले. भाची अर्थशास्त्र शिकलेली आणि पुण्यात लग्नसमारंभांचं नियोजन करणारी. तिचं स्वतःचं लग्न ठरलंय आणि ते कसं व्हावं यावर दोघांचं जमत नाही. माणसं कल्पनेतली आहेत, त्यांनी दिलेले इतिहासाचे आणि कायद्याचे दाखले मात्र खरे आहेत.

मामा : मग, नोटीस कधी देताय?

भाची : कसली नोटीस?

मामा : लग्नाची. विशेष विवाह कायदा, १९५४. तीस दिवस आधी नोटीस द्यायची, मग तीन साक्षीदार घेऊन जायचं, सह्या करायच्या. अर्ध्या तासात कायदेशीर नवराबायको. दुपारी घरी येऊन पुरणपोळी खायची. कुणाचं देणं नाही, कुणाचं घेणं नाही.

भाची : मी हजार माणसांची पंगत म्हणतेय आणि तुम्ही मला तिघांवर आणलंत! मंगलाष्टकांच्या वेळी माझ्या पाठीशी कोण उभं राहणार? नोंदणी कार्यालयातले साहेब?

मामा : मी साक्षीदार म्हणून सही करीन. माझा मान त्या सहीत आला. अगं, कर्जाच्या टेबलावर बसलेला माणूस आहे मी. अर्जावर लिहिलेलं असायचं 'पाइपलाइनसाठी', आणि महिनाभरात त्याच माणसाच्या मुलीची पत्रिका हातात पडायची. पत्रिका देताना तो हसत असायचा. दोन वर्षांनी थकबाकीच्या नोटिशीवर सही करून घ्यायला आमचा शिपाई जायचा, तेव्हा घरात लपून बसायचा. आणि त्याच्यापेक्षा वाईट हाल जामीनदाराचे. त्यानं तर लग्नात फक्त जेवण केलेलं असायचं!

भाची : म्हणजे शेतकरी लग्नापायी बुडतो, असं तुमचं म्हणणं.

मामा : माझं कशाला, सगळ्या गावाचं म्हणणं आहे. ऋण काढून सण, ही म्हण उगाच पडली?

भाची : मग तुमच्याच गावातली गोष्ट काढते. १२ मे १८७५ रोजी सुप्यात काय झालं?

मामा : शाळेतलं पोरगंही सांगेल. सुपे म्हणजे तेव्हाची बाजारपेठ, सावकार बरेच. आसपासचे शेतकरी जमले, सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले आणि वह्या, कर्जाची खतं काढून जाळली. माणसांना फारसा हात लावला नाही. त्यांना हवे होते ते कागद. मग ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं.

भाची : पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. तेव्हाच्या अंमलदारांत तुमचाच समज रूढ होता, की कुणबी लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून कर्जात रुततो. आयोगाने गावोगावचे हिशेब तपासले आणि या समजाच्या उलट लिहिलं. लग्नखर्चाला कर्जाचं कारण म्हणून नको तेवढं महत्त्व दिलं गेलंय, असं त्याचं मत पडलं. ऐपतीच्या मानाने तो खर्च जास्त वाटेल, पण असे प्रसंग क्वचित येतात; बऱ्याच वर्षांची सरासरी काढली तर त्या स्थितीतल्या माणसाने हौसेमौजेवर एवढं खर्च करणं काही गैर ठरत नाही, असा निष्कर्ष. इंग्रज सरकारचा आयोग म्हणतो हे, कुणी शेतकऱ्यांचा पुढारी नव्हे.

मामा : मग बुडवलं कशानं?

भाची : अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालू होती. तिथला कापूस बंद झाला, इथल्या कापसाला भाव चढला, सावकारांनी हात सैल सोडून उधाऱ्या दिल्या. युद्ध संपलं, भाव कोसळला. त्याच सुमारास शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन सारा भरमसाट वाढला. वर १८५९ चा मुदतीचा कायदा. खताची मुदत तीन वर्षं. म्हणजे दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालायचं आणि नवं खत लिहून घ्यायचं. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, अंगठा उठवता येत होता. या सगळ्यात लग्नाच्या लाडवांवर बोट ठेवणं फार सोयीचं होतं, मामा. सारा कमी करायला नको आणि व्याजाला हात लावायला नको. गरिबाला 'उधळ्या' म्हटलं की त्याच्या दारिद्र्याचा जाब दुसऱ्या कुणाला द्यावा लागत नाही.

मामा : हे मान्य. पण तो आयोग त्या वेळच्या लग्नाबद्दल बोलत होता. गावच मांडव घालायचं, भांडी शेजारपाजारची, वाढायला भावकीतली पोरं. आता लॉन भाड्याचं, भांडी कंत्राटदाराची, वाढणारे पगारी, नाचणारेसुद्धा पगारी! आणि तुझ्या आयोगाच्या एका वाक्यात माझ्या टेबलावरून बघितलं तर खोट दिसते. प्रसंग क्वचित येतो, हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

भाची : तरी व्याजाचा दर आणि शेतमालाचा भाव हे दोन आकडे तपासल्याशिवाय नुसत्या लग्नाला आरोपी करू नका, एवढंच माझं म्हणणं.

मामा : करत नाही. पण बाकीचे आरोपी माझ्या हाताबाहेरचे आहेत. कापसाचा भाव मी ठरवू शकत नाही, जेवणावळ ठरवू शकतो. गाडगेबाबा गावोगाव कीर्तनात कर्ज काढून सणवार करू नका असं सांगत, ते काय शेतसारा त्यांना कळत नव्हता म्हणून? जे आपल्या मुठीत आहे तिथून ते सुरुवात करत होते.

भाची : आता माझ्या मुठीतलं सांगते. एका लग्नात किती घरं जेवतात ठाऊक आहे? मांडववाला, फुलवाला, आचारी, त्याच्या हाताखालच्या बायका, वाजंत्री, फेटे बांधणारा, मेंदी काढणाऱ्या मुली. माझी पैठणी येवल्याच्या मागावर विणली जातेय. काठपदराचं काम बारीक असेल तर विणकराचे महिने जातात त्यात. सगळ्यांनी तुमच्यासारखी नोटीस द्यायची ठरवली तर त्या मागाचं काय करायचं? मँडेव्हिल नावाच्या डच-इंग्रज लेखकाने मधमाश्यांची एक रूपककथा लिहिली, १७१४ मध्ये ती पुस्तकरूपात आली. पोळं भरभराटीला आलेलं असतं ते चैनीवर आणि दिमाखावर. माश्या सद्गुणी, काटकसरी होतात आणि पोळं उजाड होतं. चैनीतून दुसऱ्याची चूल पेटते, हा त्याचा मुद्दा. लोकांना तेव्हा फार राग आला होता.

मामा : मलाही येतोय. अगं, पैसा विहिरीवर घातला तरी गवंड्याला काम मिळतं, मुलीच्या शिक्षणावर घातला तरी मास्तरला पगार मिळतो. पैसा कुठेही गेला तरी कुणाचं तरी पोट भरतो. तो लग्नातच गेला पाहिजे, हे कुठून आलं?

भाची : विहीर खणून पैठणीच्या विणकराला काय मिळणार?

मामा : काही नाही, कबूल. पण मग डीजेच्या भिंतीतून कुणाला काय मिळतं तेही सांग. शेजारच्या म्हाताऱ्याच्या छातीत धडकी? तू पैठणी पुढे करतेस आणि तिच्या पदराआड गाड्यांचा ताफा, ड्रोन, नवरदेवाची हेलिकॉप्टरमधून एन्ट्री, स्टेजवरच्या पुढाऱ्यांची शाल-नारळ आणि भाषणं हे सगळं आत घेतेस. मुहूर्त टळून जातो, लोक उन्हात बसतात, माईकवर नावं चाललेली असतात. जमिनीला भाव आले, गुंठामंत्री झाले आणि लग्नाची सभा झाली. थॉर्स्टाईन व्हेब्लेनचं नाव मी तुझ्याकडूनच ऐकलं होतं ना?

भाची : हो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ. १८९९ मधलं त्याचं पुस्तक रिकामपण मिरवणाऱ्या वर्गावर आहे. वस्तूचा उपयोग असो नसो, ती परवडते हे लोकांना दिसलं पाहिजे म्हणून केलेला खर्च त्याने वेगळा काढून दाखवला.

मामा : मग पैठणी विणकराचं पोट भरते आणि हेलिकॉप्टर माझ्या शेजाऱ्याचं पोट दुखवतं. दोन्ही एका मापाने मोजू नकोस.

भाची : मोजत नाही. पण तुमच्या साधेपणातही दोन जाती आहेत, त्या तुम्ही एकाच मापाने मोजताय. आमच्या धंद्यात हल्ली 'इंटिमेट वेडिंग'ला मागणी आहे. पन्नास पाहुणे, डोंगरातलं रिसॉर्ट, पांढरी फुलं, मातीची भांडी, भरड सुती कपडे. सगळं कसं साधं! त्याचं बिल तुमच्या गावातल्या हजार पानांच्या लग्नाहून जास्त होतं. आणि ज्यांना वगळलं जातं ते कोण असतात? यादी हजारावरून पन्नासावर आणली की पहिली नावं कुणाची कापली जातात?

मामा : गरीब नातेवाइकांची.

भाची : बरोबर. फोटोत बरी न दिसणारी आत्या आणि घरकामाच्या मावशी. गावात अजून घरटी आमंत्रण असतं. तुमच्या आळीतली एकटी विधवा बाई, तिला कुठल्या कार्यालयात साक्षीदार म्हणून कुणी नेणार नाही, पण पंगतीत तिचं पान असतं. आहेराची वही बघा. कुणी काय दिलं हे लिहून ठेवतात, तसाच आहेर त्यांच्या घरच्या कार्यात परत करतात. ती गरजेच्या वेळी गावाने एकमेकाला बिनव्याजी केलेली मदत आहे. पत्रिकेवर 'आपली उपस्थिती हाच आहेर' छापणं श्रीमंताला परवडतं. ज्याला लग्नानंतर आचाऱ्याचे पैसे चुकते करायचेत त्याला नाही परवडत.

मामा : वहीचं खरं आहे. पण वहीचा काचही असतो. त्यांनी हजार दिले म्हणून आपण अकराशे, आपण अकराशे म्हणून ते पंधराशे. आणि मानपान! वरमाईची साडी हलकी निघाली म्हणून परत पाठवलेली मी पाहिली आहे. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ते घोडं कुणाच्या दारात बांधतात? मुलीच्या बापाच्या.

भाची : इथे मी तुमच्याशी भांडणार नाही.

मामा : मग राजेरजवाड्यांवर ये. पुण्याला सवाई माधवरावांचं लग्न झालं १७८३ मध्ये. नाना फडणवीसांनी पाहुण्यांच्या सरबराईची बारीकसारीक यादी काढली होती. तो थाट मराठी माणूस अजून सांगतो. पस्तीस वर्षांत पेशवाई गेली.

भाची : लग्नाच्या खर्चाने गेली नाही! तो नानांचा राज्यकारभार होता, मामा. इंग्रजांशी पहिलं युद्ध नुकतंच संपलेलं, १७८२ चा सालबाईचा तह झालेला. पेशवा कोवळा पोर. सरदारांनी एका मांडवाखाली यायचं आणि गादी शाबूत आहे हे सगळ्या हिंदुस्थानाने बघायचं, यासाठी तो खर्च होता असं मला वाटतं. राज्याला कधी कधी दिमाख लागतो.

मामा : आणि अहिल्याबाईंना नव्हता लागला? त्याच काळातली बाई. महेश्वरचा वाडा जाऊन बघ, राजाचा वाटतच नाही. आणि काशीला विश्वेश्वराचं मंदिर बांधलं १७८० मध्ये. देशभर घाट, धर्मशाळा, विहिरी. त्यांच्या नावावरचा मोठा खर्च त्यांच्या खासगीतून, म्हणजे राज्याच्या तिजोरीला हात न लावता.

भाची : मामा, तुम्ही माझा मुद्दा मांडलात की हो! नर्मदेवरच्या घाटाच्या पायऱ्या मोजा आणि सांगा की हा काटकसरी बाईचा खर्च आहे. अहिल्याबाईंचा हात अजिबात आखडता नव्हता. गाडगेबाबांचंही तेच. अंगावर चिंध्या, हातात मडकं, आणि उभ्या केल्या त्या मोठमोठ्या धर्मशाळा. म्हणजे रकमेवरून काहीच ठरत नाही. अफाट खर्च करूनही माणूस साधा राहू शकतो.

मामा : स्वतःवर कमी आणि लोकांसाठी जास्त. बस, हाच नियम.

भाची : एवढा सोपा नाही. स्वतःवर कमी, ठीक. पण बायकोवर, मुलीवर कमी? ताईचं लग्न तुम्ही नोंदणीने केलंत. तिला विचारलं होतं?

मामा : तिला काय विचारायचं? वाचलेल्या पैशांत तिचं बी.एड. झालं. आज नोकरी आहे तिला.

भाची : बी.एड. चांगलं झालं. पण ताई अजून म्हणते की शाळेतल्या मैत्रिणी आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तत्त्व तुमचं होतं, कौतुक तुमचं झालं, सत्कारही तुमचाच झाला. हौस तेवढी तिची गेली. तुमच्या साधेपणाचं बिल तिनं भरलं, मामा.

मामा : (जरा थांबून) मग मी काय करायला हवं होतं? मांडवात तिच्यापुढे आणि व्याह्यांपुढे मान तुकवत फिरायला हवं होतं?

भाची : तिला विचारायला हवं होतं. तिनंही कदाचित नोंदणीच निवडली असती. मग तो तिचा साधेपणा झाला असता.

मामा : बरं. आता माझं ऐक. तू सारखं विचारण्याबद्दल बोलतेस. या महाराष्ट्रात साध्या लग्नाची खरी सुरुवात कुणी केली?

भाची : सत्यशोधकांनी. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी समाज काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं.

मामा : ते लग्न काय फक्त पैसे वाचवायला होतं? भटजी नाही, त्याची दक्षिणा नाही, मंगलाष्टकं साध्या मराठीत, आणि त्यात वधू स्त्रीचे हक्क मागते, वर ते द्यायचं वचन देतो. पुढे जुन्नर तालुक्यात ओतूरला बिनभटजीचं लग्न लागलं, तर ग्रामजोशी कोर्टात गेले. म्हणाले, आम्हाला बोलावलं नाही तरी आमची दक्षिणा आमचा हक्क आहे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि अखेर निकाल यजमानाच्या बाजूने लागला. नीट बघ त्या खटल्याकडे. रक्कम किरकोळ होती. भांडण होतं ते 'आम्हाला नको' असं म्हणता येतं की नाही यावर.

भाची : म्हणजे दक्षिणा किती हा प्रश्न नव्हता...

मामा : दक्षिणा कुणाच्या मर्जीची, हा होता. साधं लग्न म्हणजे स्वस्त लग्न, असं फुल्यांच्या मनातही नसावं. ज्याचा खर्च त्याचा निर्णय, असं ते लग्न होतं.

भाची : मामा, हेच हुंड्याच्या कायद्यात आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा. लग्नात मिळालेल्या भेटींना मात्र सूट आहे. पण सूट केव्हा? मागणी न करता दिलेल्या असल्या तर. वधूपक्षाकडून आलेल्या असतील तर त्या रिवाजाच्या हव्यात आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी नसाव्यात. शिवाय १९८५ च्या नियमांप्रमाणे भेटींची लेखी यादी ठेवायची. कायद्याने रकमेची मर्यादा घातलेली नाही. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. मागितलं होतं का? देणाऱ्याला झेपत होतं का?

मामा : कायदा चांगला आहे. यादी कुणी केलेली मी पाहिली नाही. आणि आता तुझ्या युक्तिवादातलं भोक दाखवतो. 'नको' म्हणायचा अधिकार, 'नको' म्हणायचा अधिकार! मुलीच्या बापाला तो आहे का? बैठक बसते, व्याही गोड बोलतो, 'आमची काही मागणी नाही, तुमच्या मुलीला जे द्यायचं ते द्या, आमच्या पाहुण्यांची तेवढी व्यवस्था नीट व्हावी.' बाप आपणहून मान डोलावतो. कागदावर ती स्वेच्छा असते. ही स्वेच्छा आमच्या टेबलावर कर्जाचा अर्ज होऊन येते.

भाची : म्हणून तर कधी कधी बाहेरचा नियम लागतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तासांची मुदत घातली होती. माझा धंदा बसला, आचारी आणि बँडवाले घरी बसले, ते मी विसरणार नाही. पण कित्येक बापांना त्या नियमाने एक शब्द दिला. 'आमची फार इच्छा होती हो, पण सरकारी नियम आहे.' ज्याला स्वतःच्या तोंडाने नाही म्हणता येत नाही, त्याला नियमाच्या तोंडाने म्हणता येतं.

मामा : २०२५ मध्ये आपल्या पुणे आणि अहिल्यानगर भागात मराठा समाजाच्या बैठका झाल्या, लग्नाची आचारसंहिता ठरली. माणसं मोजकी, डीजे नको, प्री-वेडिंगचं जाहीर प्रदर्शन नको, हुंडा नको. तेव्हा तुमच्या धंद्यातल्या लोकांनी नाकं मुरडली असतील.

भाची : मुरडली. मीही मुरडलं. माणसं किती बोलवायची हे समाजाने सांगणं मला अजून पटत नाही. समाजाच्या हातात काठी दिली की आज ती डीजेवर पडते, उद्या मुलीने कुणाशी लग्न करायचं यावर पडेल. पण त्या आचारसंहितेचा दुबळ्याला आधार होतो, हे नाकारत नाही.

मामा : आणि पंचवीस माणसांच्या त्या लग्नांत हुंडा थांबला होता का? मला तर शंका आहे. पाहुणे कमी झाले म्हणून व्याह्याचं घोडं कमी होत नाही. उलट जेवणावळीचे पैसे वाचले, ते रोख द्या, असं म्हणणारेही निघाले असतील.

भाची : म्हणजे नुसती पानं मोजून साधेपणा येत नाही, यावर आपलं एकमत.

मामा : एकमत नाही, तह झालाय. मुद्द्याचं सांग. तुझ्या लग्नाचा खर्च कोण करतंय?

भाची : आम्ही दोघं. निम्मा निम्मा, साठवलेल्या पैशातून. बाबांनी एकही ठेव मोडायची नाही, आईचं सोनं गहाण जायचं नाही, हे पहिल्या दिवशी ठरलं. सासरकडून एकही मागणी नाही; मानपानाच्या साड्या दोन्हीकडून बंद. माझी पैठणी माझ्या पैशाची. हजार पानं वाढायची, पण साधा वरण-भात, भाजी, मठ्ठा, जिलबी. डीजे नाही, वाजंत्री आहेत. भाषणं नाहीत.

मामा : भाषणं नाहीत? आमदार आले तर?

भाची : पंगतीला बसतील.

मामा : मग तुझी हजार पानं मला मान्य आहेत. तरी मला विचारशील तर पाचशेत भागतं.

भाची : तुम्हाला विचारलं नाही, मामा. तुम्ही भरत नाही ना!

संवाद इथे थांबवतो, कारण दोघांच्या भांडणातून निघालेली कसोटी आता स्पष्ट आहे. उधळपट्टी आणि साधेपणा यांच्यातली रेषा रकमेवरून ओढता येत नाही. लाखाचं लग्न साधं असू शकतं आणि दहा हजारांचं लग्न उधळपट्टी असू शकते, जर ते दहा हजार नाइलाजाने काढलेले असतील. आपला मान दुसऱ्याच्या खिशातून वाढवला जातो तिथे उधळपट्टी सुरू होते. आपलं तत्त्व दुसऱ्याच्या हौसेवर लादलं जातं तिथे साधेपणा संपतो आणि नुसती हुकूमत उरते. सुप्याच्या शेतकऱ्याला उधळ्या म्हणणाऱ्यांनी त्याच्या मांडवात डोकावलं, त्याच्या खतावरचं व्याज बघितलं नाही. आजही गरिबाच्या पंगतीवर टीका करायची असेल तर आधी ती पंगत घालायला त्याला कुणी भाग पाडलं, हे विचारलं पाहिजे. तसंच साध्या लग्नाचा सत्कार करण्यापूर्वी, वधूलाही ते तसंच हवं होतं का, हे तिला विचारलं पाहिजे.

आपल्याकडे लग्न ठरलं की याद्या करायला बसतात. कुणी काय करायचं ते ओळीओळीने लिहिलं जातं, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या होतात. पुढच्या वेळी अशा बैठकीत बसाल तेव्हा प्रत्येक ओळ लिहिण्याआधी ज्याच्या नावावर ती पडणार आहे त्याला, आणि वधूवरांना, सगळ्यांसमोर एवढंच विचारा : हे नको म्हटलं तर चालेल ना? उत्तर द्यायला कुणी अडखळलं, व्याह्यांच्या तोंडाकडे पाहू लागलं, तर ती ओळ खोडा.